कोणत्या रंगाला कोणते थिनर? स्केल मॉडेल रंगवणाऱ्यांचे प्रश्न

खानदेशातील वाचकांकडून या वेळी आलेल्या पत्रांत प्लास्टिकच्या स्केल मॉडेल्सच्या रंगकामाविषयीचे प्रश्न अधिक आहेत आणि त्यांतील बहुतेक प्रश्न फिरून थिनरपाशीच, म्हणजे रंग पातळ करण्याच्या द्रवापाशीच येतात. म्हणून हे सदर या वेळी पूर्णपणे त्याच विषयाला दिले आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून प्रश्नकर्त्यांची नावे न देता केवळ गावे दिली आहेत.

प्रश्न (भुसावळ) : मी मिग-२१ विमानाचे १:७२ प्रमाणातील मॉडेल तामिया या जपानी कंपनीच्या ॲक्रिलिक रंगाने, एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारे पेनासारखे उपकरण) वापरून रंगवले. कंपनीचे थिनर मिळाले नाही म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून एनसी थिनर आणले. रंग त्यात उत्तम मिसळला, फवारलाही गेला. परंतु दुसऱ्या दिवशी पाहिले तर पंखांवरील पॅनेल लाइन्स (पत्र्यांचे सांधे दाखवणाऱ्या कोरीव रेषा) बुजल्या होत्या आणि पृष्ठभाग खरखरीत झाला होता. दुकानदार सांगतात की थिनर सगळी सारखीच. मग असे का झाले?

उत्तर : थिनर सगळी सारखी नसतात, आणि आपल्या विमानाच्या पंखांवर त्याचाच परिणाम दिसतो आहे. एनसी थिनर हे मुळात नायट्रोसेल्युलोज लॅकरसाठी, म्हणजे फर्निचरच्या पॉलिशसाठी आणि गाड्यांच्या रंगकामासाठी बनवलेले मिश्रण आहे. त्यात टोल्यूइन, ॲसिटोन, एथिल किंवा ब्यूटिल ॲसिटेट आणि अल्कोहोल अशी द्रावणे (म्हणजे इतर पदार्थ विरघळवणारे द्रव) असतात. त्यांचे प्रमाण उत्पादकागणिक बदलते आणि सुट्या मालाच्या बाबतीत तर एका पिंपातून दुसऱ्या पिंपात गेल्यावरही बदलू शकते. आपले मॉडेल पॉलिस्टायरीनचे आहे, आणि टोल्यूइन, ॲसिटोन व एथिल ॲसिटेट ही तिन्ही द्रावणे पॉलिस्टायरीनला विरघळवतात. खात्री करून घ्यायची असल्यास काचेच्या वाटीत थोडे एनसी थिनर घेऊन त्यात थर्माकोलचा तुकडा टाकावा. बोटभर लांबीचा तो तुकडा फसफसत खाली बसतो आणि पाहता पाहता वाटीच्या तळाशी चिकट गोळा तेवढा उरतो. थर्माकोल म्हणजे फुगवलेले पॉलिस्टायरीनच होय. मॉडेलचे प्लास्टिक भरीव असल्याने ते असे नाहीसे होत नाही, परंतु त्याचा वरचा पापुद्रा मऊ पडतो, आणि ज्या पॅनेल लाइन्सची खोली केसाएवढी असते त्या मिटायला तेवढे पुरेसे होते.

आपली फसगत झाली ती रंग छान मिसळल्यामुळे. तामियाच्या एक्स आणि एक्सएफ मालिकेतील रंगांचे ॲक्रिलिक राळद्रव्य, म्हणजे वाळल्यावर थर धरून ठेवणारा पदार्थ, अल्कोहोलमध्येही विरघळते आणि लॅकर थिनरमध्येही विरघळते, त्यामुळे एअरब्रशच्या रंग ओतण्याच्या कपात कसलीही गुठळी झाली नाही. परंतु रंगाचे आणि थिनरचे जमले म्हणून थिनरचे आणि प्लास्टिकचे जमेलच असे नाही. या दोन वेगवेगळ्या परीक्षा आहेत आणि निवडलेले थिनर दोन्हींत उतरले पाहिजे. त्यासाठी किटमधील भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात त्या स्प्रूचा तुकडा जपून ठेवावा, त्यावर थिनरचा एक थेंब टाकून पाच मिनिटांनी नखाने दाबून पाहावे. नखाचा ठसा उमटला, चकाकी गेली किंवा बोटाला चिकटपणा लागला, तर ते थिनर मॉडेलजवळ आणू नये.

येथे एक रास्त शंका येईल की तामियाचे स्वतःचे लॅकर थिनर किंवा जीएसआय क्रेओस कंपनीचे मिस्टर लेव्हलिंग थिनर हीदेखील लॅकर थिनरच आहेत, आणि अनुभवी मंडळी ती एक्सएफ रंगांत आवर्जून घालतात. मग त्यांनी मॉडेल का बिघडत नाही? एक तर त्यांतील द्रावणांचा मेळ मॉडेलचे प्लास्टिक डोळ्यासमोर ठेवून घातलेला असतो. दुसरे म्हणजे ती पातळ, धुक्यासारख्या थरांत फवारली जातात आणि प्लास्टिकला फारसा चावा घेण्याआधीच बरीचशी उडून जातात. तीच थिनर पृष्ठभाग ओलाचिंब होईल इतक्या जाड थरात मारली तर तीही प्लास्टिकला इजा करतात.

आता झालेल्या नुकसानाविषयी. मॉडेलला आठवडाभर हात लावू नये, कारण मऊ झालेले प्लास्टिक पुन्हा कडक व्हायला वेळ लागतो. नंतर १००० आणि पुढे १५०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात भिजवून घासावे आणि बुजलेल्या रेषा टोकदार स्क्रायबरने पट्टीच्या आधाराने पुन्हा कोराव्यात. पुढच्या वेळी तामियाचे एक्स-२०ए थिनर घ्यावे. त्या शेवटच्या ‘ए’कडे नीट लक्ष द्यावे, कारण नुसते एक्स-२० हे त्याच कंपनीचे एनॅमल रंगांचे थिनर आहे आणि ॲक्रिलिक रंगात ते चालत नाही. घरातील एनसी थिनर फेकू नये. रबरी रिंगा काढून ठेवल्यास एअरब्रशचे धातूचे भाग धुण्यासाठी त्याच्याइतके स्वस्त आणि गुणकारी दुसरे काही नाही.

प्रश्न (अमळनेर) : मेडिकलमधून आणलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने तामियाचा रंग पातळ केला तर चांगला होतो, तेच अल्कोहोल वालेहो या स्पॅनिश कंपनीच्या रंगात घातले तर कपात रबरासारखे तुकडे झाले आणि एअरब्रश तुंबला. दोन्ही बाटल्यांवर ॲक्रिलिकच लिहिलेले आहे.

उत्तर : हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण बाटलीवरचा ‘ॲक्रिलिक’ हा शब्द थिनर निवडायला पुरत नाही. तो रंग वाळतो कसा, हे पाहावे लागते. मॉडेलचे रंग ढोबळमानाने तीन प्रकारे वाळतात. लॅकरमध्ये राळद्रव्य द्रावणात विरघळलेले असते. द्रावण उडाले की राळ मागे उरते, आणि पुन्हा द्रावण घातले की ती पुन्हा विरघळते. जीएसआय क्रेओसचे मिस्टर कलर आणि तामियाची एलपी मालिका या गटातील आहेत. तामियाचे एक्स आणि एक्सएफ ॲक्रिलिक तसेच मिस्टर हॉबीचे अ‍ॅक्वियस रंग पाण्याने पातळ होत असले, तरी स्वभावाने याच गटाच्या जवळचे आहेत. दुसरा गट एनॅमलचा, ज्याला आपल्याकडे सरसकट ऑइल पेंट म्हणतात. हम्ब्रॉलच्या लहान डब्या आणि रेव्हेलचे ‘ईमेल कलर’ (Email Color, येथे ‘ईमेल’ म्हणजे एनॅमल) यात मोडतात. यातील द्रावण उडाल्यानंतर राळद्रव्य हवेतील ऑक्सिजन घेऊन हळूहळू पक्के होते, आणि एकदा पक्के झाले की मूळच्या थिनरने ते परत पातळ होत नाही.

वालेहो तिसऱ्या गटातला. त्यात राळद्रव्य विरघळलेले नसते. त्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात आणि ते एकमेकांना चिकटू नयेत अशी व्यवस्था रंगातच केलेली असते. पाणी उडाल्यावर हे कण एकमेकांत मिसळून त्यांचा पापुद्रा बनतो. अल्कोहोल घातल्याबरोबर ती व्यवस्था मोडते आणि वाळल्यावर जे व्हायचे ते कपातच होते. आपल्याला दिसलेले रबरी तुकडे म्हणजे तयार झालेला रंगाचा पापुद्राच होता. म्हणून वालेहो आणि त्या जातीच्या सर्व पाण्यातल्या रंगांसाठी त्याच कंपनीचे एअरब्रश थिनर वापरावे. ब्रशने काम करायचे असल्यास शुद्ध पाणी चालते. खानदेशात बोअरचे पाणी अनेक ठिकाणी जड असते आणि त्यातील क्षार रंगात उतरतात, त्यामुळे नळाचे किंवा बोअरचे पाणी न घेता बॅटरीच्या दुकानात मिळणारे डिस्टिल्ड वॉटर घ्यावे. एक लिटरचा कॅन बराच काळ पुरतो.

तामियाच्या रंगाला आयसोप्रोपिल अल्कोहोल चालते, हा आपला अनुभव योग्य आहे. मात्र ते शक्य तितके शुद्ध, ९९ टक्क्यांचे असावे. हँड सॅनिटायझर कधीही घालू नये, कारण त्यात ग्लिसरीन किंवा जेल बनवणारे पदार्थ असतात आणि ते रंग वाळूच देत नाहीत. पॉलिशवाल्यांकडील स्पिरिटमध्ये विषारी मिथेनॉल असण्याची शक्यता असते, म्हणून तेही टाळावे. शिवाय नुसत्या अल्कोहोलने केलेले मिश्रण ब्रशने लावले तर खालचा थर विरघळून वर येतो आणि चट्टे पडतात. ब्रशच्या कामासाठी एक्स-२०ए घेणेच चांगले.

प्रश्न (धुळे) : उन्हाळ्यात वालेहोचे रंग एअरब्रशच्या तोंडाशीच वाळतात. दर दोन मिनिटांनी थांबावे लागते, आणि मॉडेलवर रंग पावडरसारखा बसतो. थिनर वाढवून पाहिले तर रंग ओघळतो.

उत्तर : आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. रंगांबरोबर येणाऱ्या सूचना जपानच्या किंवा युरोपच्या हवामानाला धरून लिहिलेल्या असतात. त्यातील प्रमाणे येथे जशीच्या तशी लागू पडत नाहीत. रंगाचा थेंब नोझलमधून निघून मॉडेलपर्यंत पोहोचेतो त्यातील पाणी उडून जाते, कोरडा कण प्लास्टिकवर आदळतो, आणि तीच आपल्याला दिसणारी पावडर. जो थेंब सुईच्या टोकाशी रेंगाळतो तो तिथेच सुकतो आणि वाट अडवतो. येथे थिनरचे प्रमाण वाढवून उपयोग होत नाही, कारण जास्तीचे थिनरही तितक्याच वेगाने उडते आणि न उडाले तर रंग ओघळतो. गरज असते ती वाळण्याचा वेग कमी करण्याची.

त्यासाठी रिटार्डर मिळते. दहा थेंब रंगाला एक थेंब, फार तर दोन, यापलीकडे जाऊ नये. अधिक झाल्यास थर चिकट राहतो आणि त्यावर धूळ बसते. वालेहोचे फ्लो इम्प्रूव्हरही सुईवरचा रंग सुकणे लांबवते. मिश्रण कपाच्या काठावर चढवून सोडल्यास पातळ ताकासारखा एकसंध पापुद्रा ठेवून खाली उतरले पाहिजे. पाण्यासारखे फाटून गेले तर पातळ झाले, जागीच थबकले तर घट्ट राहिले, असे समजावे. ०.३ मिलिमीटरच्या नोझलला १५ ते २० पीएसआय दाब पुरतो. उन्हाळ्यात मी १५च्या जवळ राहण्याचा आणि एअरब्रश मॉडेलपासून सात-आठ सेंटिमीटरवर धरण्याचा सल्ला देईन, म्हणजे थेंबाला हवेतला प्रवास कमी घडेल. सुईच्या टोकावर जमलेला रंग क्लीनरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने अधूनमधून टिपून घ्यावा.

वेळेलाही महत्त्व आहे. पत्र्याच्या खोलीत दुपारी काम करणे आणि धाब्याच्या घरात सकाळी सातला काम करणे यांत पडणारा फरक कोणत्याही थिनरने भरून निघत नाही. कूलरचाही येथे उपयोग करून घेता येतो. पाण्यातले रंग वापरायचे असतील तर आधी अर्धा तास खोलीत कूलर चालवावा, म्हणजे हवेत ओल येते; फवारणी सुरू करताना तो बंद करावा, नाहीतर त्याच्या झोताने धूळ आणि रंग दोन्ही खोलीभर होतात. लॅकरच्या बाबतीत मात्र हा उपाय उलटतो. त्याचे कारण पुढच्या उत्तरात आले आहे.

प्रश्न (चाळीसगाव) : गेल्या जुलैत मिस्टर कलरचा काळा ग्लॉस फवारला, तर त्यावर पांढुरके ढग आले. रंग खराब निघाला का?

उत्तर : रंगाचा दोष नाही. लॅकर थिनर झपाट्याने उडते आणि उडताना पृष्ठभाग गार करते. पावसाळ्याच्या दमट हवेतील बाष्प त्या गार थरावर उतरते आणि वाळत्या रंगात अडकते, तेच ढग. हळू उडणारे मिस्टर लेव्हलिंग थिनर घेतल्यास थर पुरेसा वेळ ओला राहतो आणि पाण्याला बाहेर पडायला वाव मिळतो. रंगाच्या दुप्पट थिनर हे प्रमाण या रंगाला बहुधा योग्य ठरते. आलेले ढग घालवण्यासाठी कोरड्या दिवशी नुसत्या लेव्हलिंग थिनरचा अगदी हलका फवारा त्यावर द्यावा. वरचा थर पुन्हा विरघळून बहुतेक वेळा काळा रंग परततो. कूलर चालू असलेल्या बंद खोलीत हीच अडचण भर उन्हाळ्यातही येते.

प्रश्न (नंदुरबार) : हम्ब्रॉलच्या एनॅमलसाठी दुकानात टर्पेन्टाइन, एमटीओ आणि रॉकेल असे तीन पर्याय सांगितले. कोणता घ्यावा?

उत्तर : हार्डवेअरच्या दुकानात टर्पेन्टाइन म्हणून जे मिळते ते बहुधा एमटीओच, म्हणजे मिनरल टर्पेन्टाइन ऑइल असते. ते खनिज तेलापासून बनते. पाइन वृक्षाच्या डिंकापासून काढलेले खरे टर्पेन्टाइन चित्रकलेच्या साहित्याच्या दुकानात मिळते. त्याचा वास उग्र असतो आणि काहींच्या त्वचेला ते सोसत नाही. एनॅमलसाठी दोन्ही चालतात. स्वच्छ, रंगहीन आणि पांढऱ्या कागदावर टाकल्यास वाळल्यानंतर डाग न ठेवणारे एमटीओ मिळाले तर खुशाल वापरावे. रॉकेल घेऊ नये. ते फार सावकाश उडते, मागे तेलकटपणा ठेवते आणि एनॅमल दिवसेंदिवस चिकट राहते. पेट्रोलचा तर विचारही करू नये.

रेल्वे इंजिनांवर आणि रणगाड्यांवर मळकटपणा दाखवण्यासाठी एनॅमलचा किंवा ऑइल कलरचा पातळ वॉश देतात, त्यालाही हेच एमटीओ कामी येते. पूर्ण वाळलेल्या ॲक्रिलिक किंवा लॅकर थरावर ते सहसा परिणाम करत नाही, म्हणून खाली लॅकर किंवा ॲक्रिलिक आणि वर एनॅमल हा क्रम सुरक्षित मानला जातो. याच्या उलट, एनॅमलवर लॅकर फवारल्यास खालचा थर फुगून सुरकुततो आणि सगळे काम परत करावे लागते.

प्रश्न (जळगाव) : माझा मुलगा बारावीत आहे. घराच्या मागच्या लहान खोलीत दार लावून तो मॉडेल्स रंगवतो. वास घरभर येतो. तो म्हणतो, मास्क लावतो, काळजी नको. कोणते थिनर निर्धोक समजावे?

उत्तर : ताई, आपली काळजी रास्त आहे. पूर्णपणे निर्धोक असे कोणतेच थिनर नाही, तरी पाण्यातल्या रंगांचा धोका सर्वांत कमी, त्यानंतर अल्कोहोलवरचे रंग, मग एमटीओ आणि शेवटी लॅकर व एनसी थिनर, असा चढता क्रम धरावा. मुलाची खोली बंद असते हे लक्षात घेता त्याने पाण्यातल्या रंगांवरच काम करावे, असे मी स्पष्टपणे सांगेन.

एन-९५ मास्क रंगाचे कण अडवतो, कापडी मास्क तेही नीट अडवत नाही; द्रावणाची वाफ दोन्ही अडवत नाहीत. वाफेसाठी सक्रिय कोळशाची कार्ट्रिज असलेला रेस्पिरेटर लागतो, आणि तो लावूनही वास येऊ लागला तर कार्ट्रिज बदलावी लागते. टोल्यूइनची वाफ डोके जड करते आणि दीर्घकाळ घेतल्यास मज्जासंस्थेला अपाय करते. घरात गरोदर स्त्री किंवा लहान मूल असल्यास लॅकर थिनर घरात उघडूच नये.

आगीचा धोका आपल्या भागात विशेष गांभीर्याने घेतला पाहिजे. द्रावणाची वाफ ज्या किमान तापमानाला ठिणगीने पेट घेऊ शकते त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. ॲसिटोनचा तो शून्याखाली सुमारे २० अंश, टोल्यूइनचा ४ अंशांच्या आसपास, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा १२ अंशांच्या जवळ आणि टर्पेन्टाइन व एमटीओचा साधारण ३५ ते ४० अंश असतो. थंड प्रदेशात एमटीओ त्यामानाने सुरक्षित मानले जाते ते याच आकड्यामुळे. जळगावच्या मे महिन्यात मागच्या बंद खोलीतले तापमान हा आकडा सहज ओलांडते, म्हणजे जे थिनर इतरत्र बेताचे धोकादायक असते ते येथे उन्हाळाभर पेट घेण्याच्या स्थितीत असते. या वाफा हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतात, आणि कॉम्प्रेसर व एक्स्टेन्शन बोर्ड बहुधा जमिनीवरच ठेवलेले असतात. म्हणून ही दोन्ही उपकरणे टेबलापासून दूर आणि उंचावर ठेवावीत, समोरासमोरची खिडकी व दार उघडे ठेवावे, देवघर आणि गॅसची शेगडी असलेल्या बाजूला वारा जाणार नाही हे पाहावे. थिनरची बाटली गच्चीवर, पत्र्याखाली किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये.

प्रश्न (रावेर) : कंपनीचे थिनर कुरिअरवाले घेत नाहीत. पुण्या-मुंबईला कोणी गेले तरच मिळते. रंगांच्या बाटल्याही मधल्या काळात वाळून जातात. त्या वाचवता येतात का?

उत्तर : ज्वालाग्राही द्रव विमानाने पाठवण्यावर कडक निर्बंध आहेत, त्यामुळे ही अडचण आहे. विक्रेत्याकडे रस्तामार्गे पाठवण्याची सोय आहे का ते विचारावे आणि दोघा-तिघांनी मिळून मोठी बाटली मागवावी. लहान बाटल्यांपेक्षा ती बरीच स्वस्त पडते. तोवर महागडे थिनर केवळ मिश्रणासाठी राखून सफाईचे काम एनसी थिनरवर किंवा अल्कोहोलवर भागवावे.

वाळलेल्या बाटल्यांचे उत्तर रंगाच्या जातीवर आहे. लॅकर दगडासारखे झाले असले तरी थिनर घालून दोन दिवस ठेवल्यास पुन्हा वापरता येते. घट्ट झालेला तामियाचा ॲक्रिलिक रंग एक्स-२०ए किंवा तामियाच्या लॅकर थिनरने बहुधा परत येतो. एनॅमलवर साय धरली असेल तर ती न ढवळता अखंड काढून टाकावी आणि खालच्या रंगात थोडे एमटीओ घालावे. पाण्यातला रंग वाळून रबर झाला असेल तर तो टाकून द्यावा. त्याला कोणतेच थिनर परत आणत नाही. थिनर मोजण्यासाठी इंजेक्शनची सिरिंज वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की लॅकर थिनरने तिच्या दट्ट्याचे रबर फुगते आणि ती अडकते. काचेचा ड्रॉपर बरा.

वापरलेले थिनर मोरीत ओतू नये. ते घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत साठवावे; काही दिवसांत रंगद्रव्य तळाशी बसते आणि वरचे निवळ थिनर ब्रश धुण्यासाठी पुन्हा वापरता येते. लॅकरचे, एनॅमलचे आणि अल्कोहोलचे थिनर एकाच बरणीत मिसळू नये, प्रत्येकाची बरणी वेगळी ठेवून तिच्यावर चिठ्ठी लावावी.